एकटेपणा आणि एकांत : दोन नगरचित्रे



साहित्याच्या अध्यापकाने चित्रांवर बोलणे हा थोडा आगाऊपणाच. परंतु बडोद्यात आयुष्य काढलेल्या माणसाला चित्रकला सर्वस्वी परकी राहत नाही.

एडवर्ड हॉपर या अमेरिकन चित्रकाराचे ‘नाइटहॉक्स’ १९४२ सालचे. अपरात्रीचा निर्मनुष्य रस्ता आणि कोपऱ्यावरचे प्रकाशित उपाहारगृह. आत तीन गिऱ्हाइके व पांढऱ्या पोशाखातला एक नोकर. एक स्त्री आणि एक पुरुष अगदी शेजारी बसले आहेत, पण एकमेकांकडे पाहत नाहीत. तिसरा आपल्याकडे पाठ करून बसला आहे. मोठ्या काचेतून सारे दिसते; मात्र रस्त्यावरून आत शिरायला दार कोठेही रंगविलेले नाही. माणसे एकत्र आहेत, परंतु सोबत नाही. याला आपण एकटेपणा म्हणतो.

दुसरे चित्र आपल्याच गावच्या भूपेन खख्खर यांचे, ‘यू कान्ट प्लीज ऑल’ (१९८१). हिशेबनिशी करीत चित्रे काढणाऱ्या या कलावंताचे ते चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. सज्जात एक विवस्त्र पुरुष पाठमोरा उभा आहे. समोर गावाचे नित्य व्यवहार, आणि त्यांतच बाप, मुलगा व गाढव यांची गोष्ट चाललेली. कोणी गाढवावर बसावे, यावर लोक काय काय बोलले, हे आपण सर्वांनी बालपणी ऐकले आहे. खख्खर समलिंगी होते. ते सत्य उघडपणे स्वीकारल्याची खूण म्हणून या चित्राकडे पाहिले जाते. लोकापवादाच्या भयाने स्वतःला झाकून जगणे हाही एक एकटेपणाच, आणि माझ्या मते हॉपरच्या उपाहारगृहातल्यापेक्षा अधिक जीवघेणा. पण सज्जातला हा माणूस तो मागे टाकून उभा आहे. त्याला लाभला आहे तो एकांत. तुकोबांना त्यासाठी भंडाऱ्याचा डोंगर जवळ करावा लागला. याला तो भरवस्तीत, स्वतःच्याच घरी सापडला.

आपली मुले मुंबई-पुण्याला गेली की ‘तिथे एकटा पडला असेल’ असे आपण सहज म्हणतो. घरी असताना तो एकटा नव्हता, हे आपण गृहीतच धरलेले असते.

आणखी एक भेद. हॉपर आपल्याला रस्त्यावर, काचेबाहेर उभे करतो. खख्खरांच्या चित्रात आपण त्या माणसाच्या पाठीशी असतो. गाव त्याच्याबरोबर आपल्यालाही दिसत राहते.