फुगतालची गुहा आणि एक राहिलेली माफी
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



सोसायटीच्या जुन्या आठवणी सांगा, असं सेक्रेटरींनी मला सांगितलंय. मी लडाखमधल्या एका गुहेची आठवण सांगणार आहे. ती सोसायटीचीच आहे, हे शेवटी कळेल.

२०१६ साली आपल्यातले काहीजण लडाखला गेलो होतो. कारगिलहून झंस्कारमधल्या पदुमला पोहोचलो. पुढं रस्ता संपला तिथून चालत पूर्णे गावी मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी फुगताल. हिमालय पाऊस अडवतो, म्हणून तिकडं वाळवंटच. झाड नाही, गवत नाही. खाली मातकट नदी, वर कड्याला खोदलेली पाऊलवाट. २०१४ च्या डिसेंबरात दरड कोसळून ही नदी अडली होती. मे २०१५ मध्ये तो बांध फुटला आणि खालचे पूल वाहून गेले. पंचगंगेचं पाणी हायवेवर आलेलं आपण बघितलंय, त्यामुळं मला त्याचा अंदाज येत होता.

उंची सुमारे ३,८०० मीटर. अर्ध्या वाटेत माझा दम संपला. सगळे पुढं गेले. मागं थांबला तो एकच माणूस, माझा शेजारी. आम्ही दोन वर्षं बोलत नव्हतो. मी खजिनदार असताना मेंटेनन्सच्या थकबाकीसाठी त्याचं नाव फलकावर लावलं होतं. पुढं त्यानं हप्त्यानं सगळे पैसे भरले, व्याजासकट. बोलणं तेवढं बंद झालं.

त्यानं माझी पिशवी घेतली. "सावकाश चला साहेब, गुहा कुठं पळून जात नाही," एवढंच म्हणाला.

फुगतालची गुहा नैसर्गिक आहे. तिच्या तोंडाशी मधमाशांच्या पोळ्यासारखा मठ चिकटलाय. तिबेटी भाषेचा अभ्यासक चोमा द कोरोश हा हंगेरियन माणूस १८२५-२६ मध्ये इथं राहिला होता, त्याच्या नावाचा दगड आहे. आत झरा आहे. आळत्याच्या रामलिंगाला गुहेत पाणी ठिबकतं ना, मला तेच आठवलं. एका लामानं आम्हाला त्या झऱ्याचं पाणी दिलं.

तिथं बसल्यावर शेजारी बोलला. थकबाकीच्या वेळी त्याच्या कारखान्यानं सहा महिने पगार दिला नव्हता. मी बँकेत कर्जदाराला आधी अडचण विचारायचो. भिंतीपलीकडच्या माणसाला मात्र विचारलं नव्हतं.

त्या दिवशी माफी मागायला जीभ उचलली नाही. पुढं रोज भेटलो, चहा प्यायलो, तरी राहूनच गेलं. गेल्या वर्षी तो गेला.

वहिनी पुढच्या रांगेत बसल्यात. वहिनी, नोटीस मी चारचौघांत लावली होती, म्हणून माफीही चारचौघांत मागतो. माझं चुकलं.