जमिनीखालचा नळ



घराचे छप्पर गळले तर आपल्याला लगेच कळते. पाणी अंथरुणावर पडते. पण जमिनीखालचा नळ गळला तर? तो कोणाला दिसत नाही. आज त्या न दिसणाऱ्या नळाविषयी चार शब्द सांगायचे आहेत.

मी मास्तर होतो, तेव्हाची एका गावची गोष्ट सांगतो. एका पावसाळ्यात गावात काविळीची साथ आली. वर्गातली पोरं रोज कमी दिसू लागली. कोणी म्हणे, करणी आहे. कोणी म्हणे, हवा बदलली. चौथीतली एक मुलगी आजारी पडली. ती शाळेत परत आलीच नाही. तिची पाटी बरेच दिवस माझ्या कपाटात होती.

शेवटी गल्लीतला नळ उकरला. लोखंड गंजून त्याला भोके पडली होती. शेजारूनच गटार वाहत होते. नळाला पाणी सुटले की ते भोकातून बाहेर जाई. पाणी बंद झाले की नळ रिकामा होई, आणि गटाराची घाण त्याच भोकातून आत शिरे. सकाळी पहिल्या घागरीत तेच पाणी येई. करणी नव्हती, मंडळी. भोक होते!

असे खेडेगावातच होते असे समजू नका. लंडन शहरात १८५४ साली पटकीची मोठी साथ आली. तिथे ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर पाण्याचा एक पंप होता. त्याच्या आसपास सहाशेहून जास्त माणसे दगावली. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांनी घरोघर चौकशी केली. मेलेली बहुतेक माणसे त्याच पंपाचे पाणी पीत होती. त्यांनी पंपाचा दांडा काढायला लावला. पुढच्या वर्षी तिथे खणून पाहिले, तेव्हा पंपाच्या विहिरीपासून तीन फुटांच्या आत एक मैल्याचा खड्डा सापडला. त्याच्या विटा कुजल्या होत्या. मैला झिरपून विहिरीकडे जात होता.

पुढे लंडनने रस्त्यांखाली विटांची मोठमोठी गटारे बांधली. साथी हटल्या. पण वीटसुद्धा म्हातारी होते. सांधे सुटतात. झाडाची मुळे आत शिरतात. अशी गटारे दुरुस्त कशी करायची? वर रस्ता, दुकाने, घरे. खाली दुसरे नळ, विजेच्या तारा. सगळे खणायचे म्हणजे गावचा संसार उसवण्यासारखे.

तेव्हा एरिक वुड नावाच्या इंजिनियरांनी एक युक्ती काढली. १९७१ साली लंडनच्या हॅकनी भागात त्यांनी ती करून दाखवली. तिथल्या जुन्या विटांच्या गटाराचा सुमारे ७० मीटर लांबीचा तुकडा त्यांनी रस्ता न खणता आतून नवा केला.

ही युक्ती कशी, ते ऐका. फाटक्या कोटाला आतून नवे अस्तर लावतात ना? तसेच नळाला अस्तर लावायचे.

आधी गटार धुऊन साफ करतात. मग चाकांच्या गाडीवर कॅमेरा बसवून आत सोडतात. वर बसलेला माणूस पडद्यावर चीर, भोक, मुळे सारे पाहतो. मग नळाच्या मापाची एक लांब पिशवी आणतात. तिचे कापड घोंगडीसारखे जाड असते. ती राळेसारख्या चिकट रसायनात भिजवतात. सुरुवातीला अशी पिशवी आत ओढून फुगवीत. पुढे वुड यांनीच आणखी सोपी रीत काढली. पिशवीचे तोंड वर पक्के बांधायचे आणि मागून पाणी सोडायचे. सदऱ्याची बाही उलटी करतो, तशी पिशवी उलटी होत होत आत सरकत जाते. चिकट बाजू भिंतीला बसते आणि गुळगुळीत बाजू आत राहते.

मग आत गरम पाणी किंवा वाफ फिरवतात. उष्णतेने रसायन कडक होते. काही तासांत जुन्या नळाच्या पोटात नवा नळ तयार! त्याला सांधा नाही, म्हणून मुळांना शिरायला फट नाही. घराघरांतून येणाऱ्या नळ्यांची तोंडे अस्तराने झाकली जातात. ती एक लहान यंत्र आत पाठवून पुन्हा उघडतात. आपल्या मुंबईतही जुनी गटारे या रीतीने दुरुस्त झाली आहेत.

आता कोणी विचारील, "गुरुजी, मग आपल्या गल्लीतला नळ का उकरायचा?"

प्रश्न बरोबर आहे. प्रत्येक औषध प्रत्येक रोगाला चालत नाही. आपला नळ बारीक असतो, उथळ असतो. तिथे दोन हात खणून नवा नळ टाकणे स्वस्त पडते. मोठा नळ असला तरी तो पार खचला असेल, तर आधी खणावेच लागते. शिवाय पिण्याच्या पाण्याच्या नळाला कोणतेही अस्तर चालत नाही. पाण्यात काही उतरणार नाही अशी खात्री केलेलेच लागते. हे काम जाणत्या माणसांचे आहे. रसायनाचा वासही बाधतो.

मग यातून आपण काय घ्यावे? एकच गोष्ट. ते लोक आधी आत डोकावून पाहतात, मग हात घालतात. आपल्याकडे कॅमेरा नसेल, पण डोळे आणि नाक आहे.

उन्हाळ्यात रस्त्याचा एकच तुकडा ओला किंवा हिरवा दिसला, तर खाली नळ गळतो आहे असे समजा. नळ सुटताच पहिले पाणी गढूळ आले किंवा वास आला, तर ते पिऊ नका. पाणी चांगले उकळून प्या. ग्रामपंचायतीला त्याच दिवशी कळवा. नुसते तोंडाने सांगू नका. आता आपल्याला लिहिता येते. कागदावर लिहून द्या, तारीख घाला, पोच घ्या.

नळाला मोटार लावू नका. मोटार पाणी ओढते, तशी भोकातून गटाराची घाणही ओढते. एका घराची मोटार साऱ्या गल्लीला आजारी पाडू शकते.

नवा नळ टाकताना तिथे उभे राहा. तो गटारापासून शक्यतो दहा फूट दूर आणि गटारापेक्षा वरच्या पातळीत असावा. तो कुठून कुठे गेला, याचा नकाशा पंचायतीत ठेवायला सांगा. आज खणणाऱ्याला माहीत असते. वीस वर्षांनी कोणालाच माहीत नसते.

आणि गटार तुंबले म्हणून माणसाला आत उतरवू नका. आतल्या विषारी वायूने क्षणात जीव जातो. वाचवायला उतरलेलाही मरतो. यंत्र मागवा.

त्या गावात वेळीच कोणी नाकाला आलेला वास कागदावर लिहून दिला असता, तर ती मुलगी पाचवीत गेली असती. मलाही वास आला होता. मीही लिहिले नाही. म्हणून आज तुम्हाला सांगतो आहे.