गोव्याच्या नाकाबंदीतली वखार
(वेंगुर्ले येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



तुमच्या गावातल्या इमारतीवर तुमच्यासमोरच बोलायचं म्हणजे धाडसच. डचांची वखार तुम्ही रोज येता-जाता पाहता. छप्पर गेलेलं, दुमजली जाड भिंती उभ्या, त्यांत झाडांनी मुळं घातलेली. राज्य सरकारने तिला संरक्षित स्मारक ठरवलं आहे. बाहेरचे लोक हिला किल्ला म्हणतात आणि आपण त्यांना हसतो. माझ्या मते त्यांचं फारसं चुकत नाही. वेंगुर्ल्यातून माल जात होता हे खरं, पण डच इथे आले ते पोर्तुगीजांच्या गोव्याची समुद्रातून नाकाबंदी करण्यासाठी.

1637 साली योहान फान ट्विस्ट नावाचा डच वकील विजापूरला गेला. मुहम्मद आदिलशहाच्या दरबारातून त्याने वेंगुर्ल्याला ठाणं करण्याची परवानगी मिळवली. आदिलशहाने ती दिली यात नवल नाही. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा हिसकावलं ते विजापूरकरांकडूनच. शत्रूचा शत्रू दाराशी आला तर त्याला जागा द्यायला काय हरकत? हाच फान ट्विस्ट पुढे मलाक्क्याचा पहिला डच गव्हर्नर झाला.

आता नाकाबंदी चालायची कशी ते पाहा. नारळी पौर्णिमा होऊन समुद्र निवळला की बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जाकार्ताहून, डच गलबतं येत आणि गोव्याच्या मांडवी नदीच्या तोंडावर ठाण मांडून बसत. लिस्बनला जाणारी पोर्तुगीज जहाजं निघायची ती डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास. त्यांची वाट अडवायची, हा सगळा बेत. पावसाळा तोंडावर आला की डच परतत. मधले सात-आठ महिने शेकडो खलाशी जहाजांवर. त्यांना गोडं पाणी हवं, तांदूळ हवा, ताजी भाजी, मटण हवं. ही रसद कुठून आणणार? बटाव्हिया महिन्या-दोन महिन्यांच्या वाटेवर, आणि वेंगुर्लं मांडवीच्या तोंडावरच्या आग्वाद किल्ल्यापासून उत्तरेला जेमतेम चाळीस किलोमीटर. ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या त्याच काळात इथून गेला. त्याने इथल्या पाण्याची आणि तांदळाची तारीफ केली, वेलदोड्याचाही उल्लेख केला. मालवाहू बैलांचे तांडे घाट उतरून येत होतेच. डचांनी त्या चालत्या बाजारात आपली जागा केली, एवढंच.

नाकाबंदी दोन फेऱ्यांत झाली. पहिली 1636 पासून 1644 पर्यंत. तिच्यातच 30 सप्टेंबर 1639 रोजी डचांनी मुरगावच्या बंदरात पोर्तुगीजांची तीन मोठी लढाऊ जहाजं जाळली. दुसरी 1656 ते 1663. मग तह झाला आणि वखारीचं मुख्य कामच संपलं.

पण डच लगेच गेले नाहीत, आणि मला या इमारतीच्या इतिहासात सर्वांत रस वाटतो तो या पुढच्या काळात. भोवती विजापूर, मराठे, मोगल, पोर्तुगीज असे चौघे. त्यांच्या मधोमध बसून बातम्या गोळा करायला याहून सोयीची जागा कुठली? बटाव्हियाच्या दप्तरात शिवाजी महाराजांविषयीच्या खबरा गेल्या, त्यांतल्या कितीतरी या भिंतींच्या आत लिहिल्या गेल्या. राज्याभिषेकाविषयी डच अधिकारी अब्राहम लेफेबरने 1674 च्या ऑक्टोबरात वेंगुर्ल्याहून लिहिलेलं पत्र त्यांतलंच. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी आपल्या शिवचरित्रासाठी डच कागदांचा भरपूर वापर केला. व्यापाऱ्याची नजर कोरडी असते. त्याला कोण जिंकलं यापेक्षा मिरीचा भाव काय होणार याची काळजी. म्हणूनच त्याची साक्ष कामाची.

गावाचे मात्र हाल झाले. 1664 मध्ये शिवाजी महाराजांच्या शिबंदीविरुद्ध इथे बंड झालं आणि त्यापायी गाव जळालं. 1675 मध्ये मोगलांनी जाळलं. 1683 मध्ये औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर जहाजाने इराणला निघून जायच्या खटपटीत इथे आला. संभाजी महाराजांचे कवी कलश आणि राठोड सरदार दुर्गादास यांनी त्याची समजूत घालून त्याला परत नेलं. पण त्याने इथे पाऊल ठेवलं याची किंमत गावाने मोजली: औरंगजेबाचा दुसरा मुलगा शहजादा मुअज्जम याची फौज तळकोकणात उतरली तेव्हा कुडाळ, बांदा आणि वेंगुर्लं यांची लूट झाली. सतराव्या शतकाच्या अखेरीस डच निघून गेले. पुढचं थोडक्यात सांगतो: सावंतवाडीच्या सावंतांचा अंमल, आणि 1812 मध्ये वेंगुर्लं इंग्रजांच्या हाती.

इंग्रजी अमदानीत बेळगावचा माल घाटाने इथे उतरू लागला आणि बंदराला पुन्हा बरे दिवस आले. तेही गोव्याने संपवले. मुरगावपर्यंत लोहमार्ग 1888 मध्ये पुरा झाला आणि देशावरचा माल तिकडे वळला. गोव्याची वाट अडवण्यासाठी वसलेल्या ठाण्याचं गाव अखेर गोव्याच्या रुळांपुढे हरलं. इतिहासाला थट्टा करायची हौस असते म्हणतात, ती अशी.

आता एक विनंती, आणि ती वेंगुर्लेकरांनाच करता येईल. या वखारीची डागडुजी नीट व्हायची तर पूर्वीचं छप्पर कसं होतं, जिना कुठून चढत होता, खिडक्यांना कोणती दारं होती, हे ठाऊक असावं लागतं. ते नुसत्या भिंती सांगत नाहीत. तुमच्या घरात, जुन्या ट्रंकेत किंवा देवघराच्या फडताळात, वखारीचा एखादा जुना फोटो किंवा कागद असेल तर त्याची प्रत गावातल्या ग्रंथालयात आणून द्या. मूळ तुमच्याजवळच राहू दे.