तारुण्यपिटिका आणि दशावतारी रंग

त्रिपुरी पौर्णिमा आली की पेडण्यापासून डिचोलीपर्यंतच्या देवळांतून जत्रांचा हंगाम सुरू होतो, आणि जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक हे ओघानेच येते. पेट्रोमॅक्स जाऊन विजेचे झगझगीत दिवे आले, तरी प्रेक्षकांची नजर खिळते ती नटाच्या रंगविलेल्या चेहऱ्यावरच. मला आज बोलावयाचे आहे ते त्या रंगाखालच्या कातडीविषयी.

मागे एका हंगामात स्त्रीपार्ट करणारा एक तरुण नट माझ्या दवाखान्यात आला. वय विशीच्या आतबाहेर. कपाळ, गाल आणि हनुवटी तारुण्यपिटिकांनी भरून गेलेली. पुटकुळ्या झाकण्यासाठी तो रंगाचा थर जाड देई. थर जाड झाला की पुटकुळ्या वाढत, आणि त्या वाढल्या की थर आणखी जाड होई. मी पुस्तकातले उत्तर देऊन मोकळा झालो, ‘‘काही महिने रंग लावू नकोस.’’ तो शांतपणे म्हणाला, ‘‘डॉक्टरानु, रंग सोडून कसां चलतला?’’

त्याचे बरोबर होते. कार्तिक ते वैशाख एवढ्याच महिन्यांत त्याची वर्षाची मिळकत व्हावयाची. द्रौपदी किंवा तारामती पुटकुळ्यांसह सभामंडपात उभी राहिली, तर पुढल्या जत्रेला तिचे काम दुसऱ्या कोणाला मिळेल, ही त्याची धास्ती. म्हणून एका रात्री नाटकापूर्वी दोन तास मीच पेडणे तालुक्यातील एका देवळामागे, त्या मंडळीच्या रंगपटात जाऊन बसलो.

दशावतारात वेगळा रंगभूषाकार नसतो. पेटारा उघडला की जो तो आपला आरसा मांडीवर घेऊन बसतो. आमच्या नटाने प्रथम चेहऱ्यावर खोबरेल चोळले, त्यावर झिंकची पांढरी भुकटी कालवून थापली, मग पिवळा, लाल, काजळ. शेजारच्याचे झाले की त्याचाच ओला स्पंज याने घेतला. काळ्या कापडी मुखवट्याचा शंखासूर तेवढा कोपऱ्यात निश्चिंत विडी ओढत होता. त्वचारोगतज्ज्ञाच्या दृष्टीने सगळ्यांत सुरक्षित भूमिका त्याचीच!

आता दोष कोणाचा? भुकटीचा म्हणावा, तर झिंक ऑक्साइड हे मलमांतही घालतात. जुन्या रंगभूमीवरील मुरदाडशिंग म्हणजे शिशाचे ऑक्साइड आणि हिंगूळ म्हणजे पारा व गंधक यांचे संयुग. ती खरी विषारी द्रव्ये, आणि कोणाच्या पेटाऱ्यात ती अजून असतील तर आजच टाकून द्यावीत. परंतु आमच्या नटाचे दुखणे वेगळे होते. कातडीतील तैलग्रंथी तारुण्यात अधिक स्निग्ध पदार्थ स्रवतात. केसाच्या मुळाशी असलेले छिद्र मृत पेशींनी बुजले की तो पदार्थ आत कोंडतो, तेथे जंतू वाढतात आणि पुटकुळी उठते. अशा कातडीवर रात्री सात-आठ तास खोबरेलाचा थर राहिला, तर ती छिद्रे अधिकच बुजतात. प्रसाधनांमुळे येणाऱ्या अशा मुरमांचे वर्णन अमेरिकेतील क्लिगमन व मिल्स यांनी १९७२ साली केले. घट्ट शिरस्त्राणाच्या दाबाने व घर्षणाने मुरूम चिघळतात, हेही त्यांनीच १९७५ मध्ये दाखविले. आमच्या नटाच्या कपाळावर मुकुटाची कड जेथे रुते, नेमकी तेथे पुटकुळ्यांची रांग होती. गोव्यात बसून खोबरेलाला नावे ठेवणे हे धाडसच आहे, हे मी जाणतो. आमटीत ते असू द्यावे. मुरमांच्या चेहऱ्यावर नको.

मग आम्ही दोघांनी मिळून तोड काढली. खोबरेलाऐवजी छिद्रे न बुजविणारे, पाण्याचा अंश असलेले हलके क्रीम; त्यावर ओल्या स्पंजाने लावावयाचा पॅनकेक; स्पंज स्वतःचा, रोज धुऊन वाळविलेला. मुकुटाच्या आतून मऊ सुती पट्टी, तीही धुतलेली. पण सर्वांत कठीण गोष्ट होती रंग उतरविण्याची. पहाटे नाटक संपते, अंग मोडून आलेले असते, टेम्पो डिचोलीच्या वाटेला लागतो आणि नट रंगासकट झोपी जातो. नाहीतर खरखरीत फडक्याने चेहरा खसाखसा पुसतो. घासल्याने पुटकुळ्या फुटतात आणि त्यांचे डाग रंगापेक्षा चिवट असतात. मऊ कापसाने रंग हलकेच सोडवावा आणि लगेच सौम्य साबणाने चेहरा धुवावा, एवढे त्याने कबूल केले.

औषधांत बेंझॉइल पेरॉक्साइड व अॅडापॅलीन दिले. पहिल्याने कापडाचा रंग उडतो. मी हे सांगावयास विसरलो, आणि एका शेल्यावर पांढरे डाग पडले. मालकाचे बोलणे त्याला ऐकावे लागले, अपराध माझा. दुसरे रात्री झोपताना लावावयाचे. पण ज्याची रात्र उजाडल्यावर सुरू होते, त्याने ते सकाळच्या झोपेपूर्वी लावावे व उन्हात जाणे टाळावे. गुण दिसावयास दोन-तीन महिने लागतात.

तेवढा धीर नसतो, म्हणून पोरे दुकानातून ‘गोरे करणारे’ मलम आणतात. त्यांपैकी कित्येकांत स्टेरॉइड असते. चार दिवस चेहरा नितळ दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, आणि मलम थांबविताच मुरूम दुप्पट जोराने येतात. अशी अनेक मलमे २०१८ साली केंद्र सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. तरीही रंगपटात एका आरशामागे मला तशी एक नळी दिसलीच.

वैशाखात तो नट पुन्हा आला. कपाळ निवळले होते, हनुवटीवर दोन-तीन पुटकुळ्या होत्या. मृगानंतर शेतीला लागल्यावर औषध बंद केले तर चालेल का, असे त्याने विचारले. मी नाही म्हटले, आणि पावसाळाभराची चिठ्ठी लिहून दिली.