लष्कराच्या वतीने आपले स्वागत

राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या गणित अध्यापक बंधुभगिनींनो,

पुण्यात येणारा पाहुणा शनिवारवाडा पाहतो, तुळशीबागेत खरेदी करतो आणि परत जातो. आमचे लष्कर, म्हणजे पुण्याचा कॅम्प भाग, पाहायचे राहून जाते. अधिवेशनाच्या निमित्ताने ही उणीव भरून निघते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे.

पलीकडे क्वार्टर गेटला सिटी चर्च आहे. पेशव्यांच्या फौजेतील ख्रिस्ती मंडळींसाठी १७९२ साली सवाई माधवरावांनी त्यासाठी जागा दिली. इकडे डेव्हिड ससूनांचे ज्यू प्रार्थनामंदिर आहे, ज्याला सारे पुणे लालदेऊळ म्हणते. ते १८६७ साली उभे राहिले. आणि त्याच वर्षी जेझुइट धर्मगुरूंनी येथे सेंट व्हिन्सेंट शाळा सुरू केली. तिच्याविषयी जरा सविस्तर बोलण्याची परवानगी द्यावी.

शाळा कॅथलिक, पण तिच्या बाकांवर सगळे लष्कर शेजारी शेजारी बसले. बटलर मोहल्ल्यातला मेरवान इराणी हा झरतुष्ट्री मुलगा याच शाळेत शिकला. जग पुढे त्याला मेहेरबाबा म्हणून ओळखू लागले. फादरांच्या शाळेतून बाहेर पडून डेक्कन कॉलेजात गेलेला हा तरुण चारबावडीच्या कडुनिंबाखाली बसणाऱ्या सूफी संत हजरत बाबाजान यांच्या पायाशी पोहोचला. असे वळण आमच्या लष्करातच घडू शकते, असे मी अभिमानाने म्हणतो.

येथील जेझुइटांनी कठीण दिवसही पाहिले. पहिल्या महायुद्धात जर्मन धर्मगुरूंवर ब्रिटिश सरकारची खप्पामर्जी झाली. पुण्याचे जर्मन बिशप हेन्री डोअरिंग यांना पुण्याला मुकावे लागले. त्यांनी हिरोशिमाला जाऊन धर्मकार्य केले, १९२७ साली ते पुण्याला परतले आणि १९४८ पर्यंत येथील धर्मप्रांत सांभाळला. आज त्यांचे नाव किती पुणेकरांना ठाऊक आहे? पुढे १९६१ साली जेझुइटांनी पाषाण रस्त्यावर लोयोला शाळाही काढली.

गणिताशी याचा संबंध काय, असे आपण विचाराल. आपण रोज फळ्यावर जी तारीख लिहितो, ते ग्रेगरियन पंचांग १५८२ साली अमलात आले. त्यामागील गणिताचा मोठा भार क्रिस्तोफर क्लाविअस या जेझुइटाने वाहिला. माझ्या दृष्टीने एवढे नाते पुरेसे आहे.

आता व्यवस्थेविषयी. निवासाच्या खोल्या एका ठिकाणी मिळाल्या नाहीत, त्यामुळे आपल्याला थोडी पायपीट होईल. सकाळी गरम पाणी पुरवून वापरावे लागेल. वाहनतळही अपुरा आहे. या सगळ्याबद्दल मी हात जोडून क्षमा मागतो. मंडपाचे भाडे न घेणारे मंडपवाले, चहाबरोबर खारी आणि पाव पाठवणारे ईस्ट स्ट्रीटचे बेकरीवाले, महात्मा गांधी रस्त्यावरील व्यापारी, नाव जाहीर करू नका असे बजावून मोठी देणगी देणाऱ्या दोन भगिनी, आणि पहाटेपासून राबणारे स्वयंसेवक विद्यार्थी, या सर्वांचे ऋण समिती कृतज्ञतेने मान्य करते.

दुपारच्या सत्रानंतर जेवण मागच्या अंगणात आहे. कृपया कोणीही न जेवता जाऊ नये.