कमी खाताना काय खावं



मांजरी गोटा हे वांगं तुम्ही बाजारात नक्की हाताळलं असेल. गोल, भरदार, जांभळट अंगावर पांढरे पट्टे. पुण्याजवळ, हडपसरच्या पलीकडे, मुळा-मुठेच्या काठी वसलेल्या मांजरीचं नाव या वांग्याबरोबर दूरदूरच्या शेतांत पोचलं. वजन उतरवायचं ठरवलेल्या माणसांशी बोलताना मी बऱ्याचदा या वांग्यापासूनच सुरुवात करते.

शंभर ग्रॅम कच्च्या वांग्यात जेमतेम पंचवीस कॅलरी असतात. पण त्याचा गर स्पंजासारखा, आणि तो तेल ओढून घेतो. चौघांच्या भरल्या वांग्यांना अर्धी वाटी तेल पडलं, तर त्या तेलाच्याच सहाशेच्या वर कॅलरी झाल्या. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण सव्वाशे कॅलरी. म्हणून वांगी परतून न घेता भरून, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवा. तेल चमच्यानं मोजून घाला. चव मसाल्याची आणि शेंगदाण्याच्या कुटाची असते, ती कुठं जात नाही.

हे बऱ्याच जणांना पटतं, आणि मग काही जण दुसऱ्या टोकाला जातात. भाकरी बंद, डाळ बंद. सकाळी काकडी, दुपारी उकडलेला दुधी, रात्री वांग्याचं भरीत, बस्स. वजनाचा काटा खाली येतो, माणूस खूश होतो. मला मात्र त्यांची काळजी वाटते. या भाज्यांमध्ये कॅलरी कमी आहेत हे खरं, पण शंभर ग्रॅममागे प्रथिनं अर्धा ते दीड ग्रॅमच्या आसपास आणि लोहही थोडंसंच. आपण कमी खायला लागलो म्हणून शरीराची प्रथिनांची, लोहाची, कॅल्शियमची गरज कमी होत नाही. साठ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिनं लागतात. ती मिळाली नाहीत की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, जिना चढताना पाय भरून येतात, आणि जेवण पूर्ववत झालं की वजन परत येतं. ताट लहान झालं, की त्यातल्या प्रत्येक घासाला जास्त काम करावं लागतं.

आपल्या राज्यात याला आणखी एक बाजू आहे. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं, आणि जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या स्त्रियांचं वजन प्रमाणाबाहेर होतं. जिचं वजन जास्त आहे ती बाईही अशक्त असू शकते. तिला उपाशी ठेवणारा आहार सांगणं हा तिच्यावर अन्याय आहे.

मग वांग्याच्या शेजारी काय वाढायचं? बाजरीची एक भाकरी. मटकीची किंवा हुलग्याची उसळ. हुलग्यात प्रथिनंही चांगली आणि लोहही. वाटीभर दही किंवा ताक. मेथी, चाकवत, चुका, शेपू, जी पालेभाजी ताजी मिळेल ती. मांजरीच्या उपबाजारात शेतकरी स्वतः माल घेऊन येतात, पुण्याच्या या बाजूला ताज्या पालेभाजीची वाण नाही. उसळीवर लिंबू पिळा, त्यातल्या क जीवनसत्त्वानं लोह अंगी लागतं. आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, तो लोह अडवतो. ही एवढी सवय बदलली तरी पुष्कळ फरक पडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये दिलेल्या आहारसूत्रांत दोन हजार कॅलरींच्या दिवसभराच्या आहारात चारशे ग्रॅम भाज्या आणि शंभर ग्रॅम फळं धरली आहेत. आपल्या ताटात भाजी चमचाभर असते आणि भात डोंगराएवढा, हे प्रमाण उलटं करायला हवं.

गोडाबद्दल थोडं. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मांजरीतच आहे, आणि द्राक्ष संशोधन केंद्रही. दोन्हीकडे उसाचं आणि द्राक्षाचं मोलाचं काम चालतं, पण आपल्याला वजनाचा हिशेब घरी करायचा आहे. साखर सोडून चहात तेवढाच गूळ घातला तर कॅलरी फारशा कमी होत नाहीत. मधाचंही तेच. द्राक्षं जरूर खा, शंभर ग्रॅममध्ये सत्तरच्या आसपास कॅलरी असतात. तीच वाळवून बेदाणा केला की शंभर ग्रॅमला तीनशेच्या आसपास जातात, कारण पाणी उडालं आणि साखर उरली. रसाचा पेला घटाघट पिऊन होतो, तेवढी द्राक्षं चावून खायची म्हटली तर पोट आधी भरतं.

पाकिटांवर "मल्टिग्रेन", "डाएट", "बेक्ड" असं ठळक लिहिलेलं असतं. पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात. पहिलं नाव मैद्याचं, आणि मागोमाग साखर नि पामतेल असेल, तर पुढच्या बाजूला काहीही लिहिलेलं असो, ते बिस्किटच आहे. त्याऐवजी फुटाणे, भाजलेले शेंगदाणे मूठभर घेतले तर संध्याकाळची भूक नीट भागते. शेंगदाण्याची मात्र मूठ लहान ठेवा.

आणि उपास. वजनासाठी म्हणून आठवड्यातून दोन उपास धरणारे पुष्कळ आहेत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिनं नावालाच. तुपातली खिचडी, वर बटाट्याचा कीस, असा उपास नेहमीच्या जेवणापेक्षा जड पडतो. राजगिऱ्याची भाकरी, ताक, एखादा पेरू किंवा पपईची फोड घ्या. घरात वडीलधाऱ्यांना साबुदाण्याशिवाय उपास वाटत नसेल तर वाटीभर करा, शेंगदाण्याचं कूट घाला, सोबत दही घ्या.

मधुमेहाची गोळी चालू असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, घरात गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई असेल, तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. बाकीच्यांनी महिन्याला दोन-तीन किलो उतरलं तरी पुरेसं मानावं. वजन उतरत असताना केस गळायला लागले, धाप लागली, दिवसभर गळून गेल्यासारखं वाटलं, तर आणखी कमी खाऊ नका. जवळच्या दवाखान्यात जाऊन आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या.