समुद्रकाठचे दहा दिवस आणि एक जुना हिशेब

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



कार्यवाहांनी मला ‘विपश्यना शिबिराचा अनुभव’ हा विषय दिला आहे. या विषयावर आपल्या सभागृहात दोन तट आहेत, हे मला ठाऊक आहे. एक तट म्हणतो, ध्यान हाच धम्म. दुसरा म्हणतो, बाबासाहेबांनी आपल्याला डोळे उघडायला शिकवले आणि ही मंडळी मिटायला सांगतात. २०१४ सालापर्यंत मी दुसऱ्या तटात होतो, आणि चांगल्या मोठ्या आवाजात होतो. शिबिराला गेलो तोही पत्नीने फारच धरून बसल्यामुळे. शिवाय रजा शिल्लक होती.

शिबिर मुंबईत, गोराईला होते. बोरिवलीहून बसने गोराई खाडी गाठायची आणि होडीने पलीकडे उतरायचे. शेजारी एस्सेल वर्ल्ड त्या वेळी चालू होते. त्यामुळे होडीत निम्मी पोरे तिकडची, हसत-खिदळत निघालेली. आणि आम्ही चार-सहा जण चादर-टॉवेलच्या पिशव्या सांभाळत गंभीर चेहऱ्याने बसलेलो. समोर सोनेरी पॅगोडा दिसतो. ८ फेब्रुवारी २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. घुमटाखाली सुमारे आठ हजार माणसे बसतात आणि आत एकही खांब नाही. राजस्थानातून आणलेले दगड एकमेकांत गुंतवून तो उभारला आहे. पॅगोडाच्या त्याच आवारात ‘धम्म पट्टण’ हे विपश्यना केंद्र आहे. पट्टण म्हणजे बंदर.

एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र. माझी समजूत अशी, की संध्याकाळी वाळूवर फेरफटका होईल. पण दहा दिवस आवाराबाहेर पाऊल नाही! समुद्र भेटला तो वाऱ्यात आणि अंगाच्या चिकचिकीत. पहिल्या दिवशी मोबाईल, वही, पेन जमा करून घेतले. पंचशील घेऊन मौन सुरू झाले. पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक, अकराला जेवण, रात्री साडेनऊला दिवे बंद. मधले साधारण दहा तास बसायचे. पहिले तीन दिवस केवळ श्वास पाहायचा. चौथ्या दिवसापासून शरीरावरच्या संवेदना पाहायच्या आणि ठरलेल्या तासाला हालचाल करायची नाही. गुडघ्यांविषयी मी जास्त बोलत नाही.

सायंकाळी सत्यनारायण गोएंका यांचे ध्वनिमुद्रित प्रवचन असे. ते आदल्याच वर्षी, २०१३ मध्ये निवर्तले होते. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. म्हणजे हिशेबाचा माणूस! आपल्या संस्थेचे हिशेब तपासणाऱ्या मला ते जरा आपलेसे वाटले. प्रवचनातला पूर्वजन्मीच्या संस्कारांचा भाग मात्र मला तेव्हा पटला नाही, आजही पटत नाही.

आता मुख्य गोष्ट. २०१० च्या वार्षिक सभेत वसतिगृहाच्या धान्यखरेदीतील १,८४० रुपयांची पावती सापडेना. आपल्या तेव्हाच्या खजिनदारांना मी भर सभेत म्हणालो, “मुलांच्या ताटातला भात कुठे गेला, ते सांगा.” ते काही बोलले नाहीत. हिशेबाची पिशवी टेबलावर ठेवली आणि निघून गेले. पद सोडले. पुढे चार वर्षे आमचे बोलणे नव्हते. मला त्याचे काही वाटले नाही. मी प्रामाणिकपणा केला होता, आणि लोकही तसे म्हणत होते.

सहाव्या दिवशी दुपारच्या बैठकीत तेच वाक्य डोक्यात सुरू झाले. पहिल्यांदा त्यांच्यावरचा रागच आला. छाती गरम, जबडा आवळलेला. उठता येत नव्हते, बोलता येत नव्हते, म्हणून नुसते पाहत राहिलो. आणि मग आठवले, की ते वाक्य मला सभेत सुचलेलेच नव्हते. आदल्या रात्री मी ते दोनदा मनात घोळवून ठेवले होते. बोलताना टाळ्या येतील, हेही मला माहीत होते. टाळ्या आल्याही होत्या. बसल्या जागी मला घाम फुटला.

शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा. गोराईच्या उत्तरेला, वसईच्या खाडीपलीकडे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तेथील स्तूप उकरला. पाली ‘उदान’ ग्रंथात तिथल्या समुद्रकाठी राहणाऱ्या बाहियाची कथा आहे. लोक आदर करतात, मान देतात, त्यामुळे आपण अर्हत झालो असे त्याला वाटू लागते. मग कोणीतरी हितचिंतक त्याला स्पष्ट सांगतो, की तू अर्हत नाहीस, त्या वाटेवरसुद्धा नाहीस. बाहिया उठून थेट श्रावस्तीला चालू लागतो. ही कथा मी पूर्वी वाचली होती, पण तिच्यातला बाहिया मी आहे हे काही लक्षात आले नव्हते.

‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी विचारले आहे, की भगवंतांना भिक्खू कसा हवा होता, स्वतःपुरता परिपूर्ण पुरुष की लोकांचा सेवक? हा प्रश्न मी ध्यानवाल्यांच्या तोंडावर अनेकदा फेकला होता. घरी परतताना होडीत तो माझ्याकडेच वळला. तिसऱ्या दिवशी मी त्या खजिनदारांच्या घरी गेलो. त्यांनी चहा मागवला. बराच वेळ पावसापाण्याचे बोललो. मग मी ते रात्री घोळवलेले वाक्य सांगितले. ते म्हणाले, “पावती दोन महिन्यांत सापडली होती, गुरुजी. दुकानदाराच्या वहीत राहिली होती. तुम्ही विचारायला आला नाहीत, मीही दाखवायला आलो नाही.” पावती त्यांनी अजून जपून ठेवली होती. ती पाहण्याचे धाडस मला झाले नाही.

ते पुन्हा पदावर आले नाहीत. मी बोलावले, पण त्यांनी नको म्हटले. तो त्यांचा अधिकार.

विद्यार्थी मित्रहो, मनातील विकार हेच सर्व दुःखाचे मूळ, असे कोणी तुम्हाला सांगितले तर हरकत घ्या. शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, हे दुःख डोळे मिटून जाणार नाही. त्यासाठी मोर्चाच काढावा लागेल आणि मीही येईन. पण मोर्चात भाषण करणाऱ्याने आदल्या रात्री आपण काय घोळवतो आहोत, तेही पाहिले पाहिजे.

ज्यांना जायचे आहे त्यांनी परीक्षा झाल्यावर जावे, परीक्षा चुकवायला नव्हे. शुल्क नाही. आधीच्या साधकांच्या दानातून खर्च भागतो आणि शिबिर पूर्ण केल्याशिवाय तुमचे दान घेत नाहीत. ज्यांच्यावर मानसिक आजाराचे उपचार चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारावे आणि अर्जात ते लपवू नये. बैठकीला सैल कपडे न्या. बाकी काही शंका असेल तर चहाच्या वेळी मी इथेच आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.